नवे स्पीकर घेताय? वॉट नंतर बघा, आधी खोली मोजा

बेळगाव / प्रतिनिधी

दसरा-दिवाळी जवळ आली की इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत स्पीकरचे खोके रचले जातात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत कुठं ‘१००० वॉट’ तर कुठं ‘५००० वॉट’ छापलेलं असतं. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्नही तोच असतो, ‘‘किती वॉटचा?’’ आकडा मोठा आणि किंमत कमी दिसली की व्यवहार होऊन जातो. घरी आणून लावल्यावर मात्र आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत, तबल्याचा नुसता धपधपाट होतो आणि अर्ध्या तासात आतून कुणीतरी ओरडतं, ‘‘बारीक करा बघू ते!’’

आपल्या सीमाभागात गाण्याची आवड जुनी. कुमार गंधर्वांचा जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा आणि पुढचं आयुष्य गेलं देवासला. त्यामुळे बेळगावकर आणि इंदूरकर दोघंही त्यांना आपलेच म्हणतात. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर, गदगचे भीमसेन जोशी, गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांचं गाणं इथून बडोद्यापर्यंत घराघरांत ऐकलं जातं. आता यातलं बरंचसं गाणं मोबाईलवर आलं आहे. पूर्वी एका रेकॉर्डसाठी पुण्या-मुंबईच्या दुकानांत हिंडावं लागायचं, ती आज बोटाच्या टोकावर आहे. पण ती ऐकायची कशावर? फोनच्या तळाशी असलेल्या सुपारीएवढ्या स्पीकरवर.

म्हणून बरीच मंडळी पुन्हा स्टिरिओकडं वळताहेत. कुणाच्या घरात वडिलांचा जुना ॲम्प्लिफायर अजून चालू आहे, फक्त स्पीकर गेलेत. कुणी टीव्हीसाठी साऊंडबार घेतला, पण गाणं त्यावर रुचत नाही. अशांनी नवे स्पीकर घेताना काय बघावं, याची ही माहिती. सांगायचं मुख्य ते आधीच सांगतो. चांगल्या-वाईट आवाजाचा निम्मा निकाल तुमची खोली लावते. बाकीच्या निम्म्यात स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि ते कुठं ठेवले हे येतं. खोक्यावरचा वॉटचा आकडा या यादीत फार खाली आहे.

वॉटचा जमाखर्च

खोक्यावर जो हजारांचा आकडा असतो, त्याच्याजवळ बहुतेक वेळा बारीक अक्षरांत ‘पीएमपीओ’ असं लिहिलेलं असतं. ही क्षणभराची, कागदावरची ताकद. ती मोजायची सगळ्यांना बांधील अशी एक पद्धतच नाही, त्यामुळे ज्याला जो आकडा आवडेल तो छापता येतो. विचारायचा तो ‘आरएमएस’ आकडा. म्हणजे सलग, न थांबता देता येणारी ताकद.

हिशेब तपासायची एक सोपी युक्ती आहे. ज्या स्पीकरला वेगळा अडॅप्टर येतो, त्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. दोन्हींचा गुणाकार करा. १२ व्होल्ट आणि २ अँपिअर असेल तर झाले २४ वॉट. भिंतीतून २४ वॉटच आत येत असतील तर बाहेर सलग १००० वॉट कसे पडतील? जमा चोवीसची आणि खर्च हजाराचा, असं खातं कुठल्याही वहीत जुळत नाही.

घरात लागतात तरी किती वॉट? इथं ‘सेन्सिटिव्हिटी’ नावाचा आकडा उपयोगी पडतो. चांगल्या कंपन्या तो माहितीपत्रकात देतात. समजा एका स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल आहे. म्हणजे एक वॉट दिला तर एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज मिळतो. आपण साधारण अडीच मीटरवर बसतो, तिथं येईपर्यंत तो आठेक डेसिबलनं कमी होतो. दोन स्पीकर असल्यानं सुमारे तीन परत मिळतात. राहिले ८२. घरातलं साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. म्हणजे एका वॉटमध्येच बोलण्यापेक्षा कितीतरी मोठं गाणं झालं.

आता तान वर गेली, तबल्यावर थाप पडली की क्षणभर जास्त ताकद लागते. दहा वॉट दिले तर आवाज ९२ डेसिबलवर जातो. मध्यम खोलीसाठी प्रत्येक बाजूला २० ते ४० खरे वॉट असतील तर पुष्कळ झाले. शिवाय वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला वॉट जवळजवळ दहापट करावे लागतात. म्हणून ५० वॉटच्या जागी १०० वॉट घेण्यासाठी ज्यादा पैसे मोजले तर कानाला फारसं काही मिळत नाही. तेच ८४ च्या जागी ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घेतला तर त्याच आवाजाला पावपट वीज पुरते. जुना, कमी ताकदीचा ॲम्प्लिफायर असणाऱ्यांनी हा आकडा आधी बघावा.

खोली बोलते, आपण ऐकतो

दुकानात जायच्या आधी घरी एक टेप घ्या आणि खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा. प्रत्येक आकड्यानं ५६५ ला भागा. जे उत्तर येईल ते त्या दोन भिंतींमध्ये घुमणाऱ्या सर्वांत खालच्या स्वराची कंपनसंख्या, म्हणजे हर्ट्झ. १२ फुटांना ४७, १५ फुटांना ३८ आणि १० फुटांना साधारण ५६ येतात. या आकड्यांवर आणि त्यांच्या दुप्पट-तिप्पट आकड्यांवर खोली स्वतःच आवाज वाढवते. स्पीकर कितीही महागडा घ्या, खोलीचा हा हात त्यात पडतोच.

लांबी, रुंदी, उंची वेगवेगळी असेल तर हे घुमणं वाटलं जातं. पण १० बाय १० ची खोली आणि छतही १० फुटांवर असेल तर तिन्हीकडून ५६ च येतात आणि दुप्पटीवर ११३. आता पुरुष गायकाची नेहमीची पट्टी काळी एक धरली तर त्याचा मंद्र पंचम १०४ हर्ट्झच्या जवळ येतो. म्हणजे गायक खाली उतरला रे उतरला की खोली त्याच्या आवाजात आपला आवाज मिसळणार. अशा चौकोनी खोलीत मोठे, दणदणीत बासचे स्पीकर म्हणजे विकत घेतलेली डोकेदुखी. तिथं लहान स्पीकरच बरे.

घरांचे प्रकारही बघा. जुनी कौलारू घरं, मातीच्या जाड भिंती, माळ्याला लाकडी फळ्या असलेले वाडे यांत आवाज फार कोंडत नाही. बराचसा कौलांतून वर निघून जातो आणि लाकूडही थोडा गिळतं. अशा घरात थोडा मोठा स्पीकर शोभतो. नव्या अपार्टमेंटमध्ये मात्र सिमेंटचं छत, चकचकीत टाइल्स आणि समोर काचेची सरकती दारं. इथं प्रत्येक आवाज तीन ठिकाणी आपटून कानाशी येतो.

खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक जोराची टाळी वाजवा. टाळीनंतर ‘टर्रर्र’ असा बारीक झणकार ऐकू आला तर नव्या स्पीकरआधी त्या खोलीला जाड पडदे आणि सतरंजी लागते. बसायची जागा आणि स्पीकर यांच्या मधल्या फरशीवर जमखाना टाकला, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावलं की फरक लगेच कळतो. यातलं बरंच सामान घरात असतंच. फक्त खालचा घुमार अशानं जात नाही, त्यासाठी स्पीकरची जागा बदलावी लागते. ते पुढं येईलच.

तुम्ही ऐकता काय?

खोक्यावर ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ लिहिलेलं असतं. माणसाच्या तरुण कानाला ऐकू येणारा हा सगळा पल्ला. वय वाढतं तसं वरचं बारीक ऐकू येणं कमी होत जातं, त्यामुळे ‘४० किलोहर्ट्झपर्यंत’ अशा दाव्यासाठी पन्नाशीच्या माणसानं ज्यादा पैसे मोजायचं कारण नाही. खालच्या आकड्याकडं मात्र बघावं, आणि त्याच्यापुढं ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ असं लिहिलंय का तेही बघावं. ही मर्यादा लिहिलेली नसेल तर त्या पल्ल्याला फारसा अर्थ राहत नाही. टोकाच्या स्वराला स्पीकरमधून नुसता श्वास आला तरी कंपनी तो पल्ल्यात धरू शकते.

आता आपल्या गाण्याला किती खाली जावं लागतं? काळी एक पट्टीच्या गायकाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास. त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या जवळ. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा षड्ज २०८ च्या आसपास आणि खर्ज १०४ ला. म्हणजे ख्याल, नाट्यगीत, भजन, भावगीत, जुनी सिनेमाची गाणी हेच ज्यांच्या घरी चालतं, त्यांना ६० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारा स्पीकर पुरतो. एवढं काम पाच-साडेपाच इंची वूफरचा बरा लहान स्पीकर करतो. त्यासाठी कमरेएवढे खांब हॉलमध्ये उभे करायची गरज नाही.

ज्यांच्या घरी नवी सिनेमाची गाणी, इलेक्ट्रॉनिक ताल, टीव्हीवरचे चित्रपट चालतात त्यांचं वेगळं. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर असते, आणि सिनेमातले स्फोट त्याच्याही खाली जातात. तिथं मोठा स्पीकर किंवा लहान जोडीबरोबर वेगळा सबवूफर लागतो. आधी जोडी घ्यावी, दोन-तीन महिने ऐकावी आणि कमी वाटलं तरच सबवूफर घ्यावा. बऱ्याच जणांना तो लागतच नाही.

जुन्या ७८ च्या तबकड्या किंवा त्यांवरून केलेली ध्वनिमुद्रणं ऐकणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. बालगंधर्वांच्या तबकड्यांसारखं ते सगळं मोनो. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं, आणि वरच्या पट्टीत गाण्यापेक्षा खरखरच जास्त. दुकानात ज्या स्पीकरचा आवाज ‘काय चमकतोय!’ असा वाटतो, तो घरी या रेकॉर्डवर तळणीतल्या पापडासारखा चरचरतो. जुन्या मुद्रणांसाठी मधला पट्टा भरीव आणि वरचा शांत, असा स्पीकर निवडावा.

ॲम्प्लिफायरशी सोयरीक

स्पीकरचे दोन प्रकार आहेत. ॲक्टिव्हमध्ये ॲम्प्लिफायर आतच असतो. विजेला जोडा, फोन किंवा टीव्ही जोडा, काम झालं. पॅसिव्हला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. घरात काहीच नसेल, जागा थोडी असेल आणि भानगड नको असेल तर ॲक्टिव्ह जोडी सोयीची. फक्त त्यातलं इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं तर स्पीकरही बंद पडतो. चालू ॲम्प्लिफायर घरात असेल तर पॅसिव्ह घ्यावा. उद्या त्यातलं एक बदललं तरी दुसरं राहतं.

ब्लूटूथचा एकच डबा कितीही चांगला असला तरी तो जोडीची जागा घेत नाही. स्टिरिओची सगळी मजा दोन स्पीकरच्या मधल्या मोकळ्या जागेत असते. गवई समोर बसलाय, डावीकडं तबला, उजवीकडं पेटी, असं जे चित्र उभं राहतं ते दोन स्पीकरांत अंतर असलं तरच.

जुन्या ॲम्प्लिफायरच्या मागं ‘८ ओहम’ किंवा ‘४ ते १६ ओहम’ असं छापलेलं असतं. ते वाचल्याशिवाय स्पीकर घेऊ नका. जिथं कमीत कमी ८ ओहम सांगितलंय तिथं ४ ओहमचा स्पीकर लावला तर तो दुप्पट करंट ओढतो. ॲम्प्लिफायर तापतो, फ्यूज जातो, कधी आतले ट्रान्झिस्टरही जातात. हॉलमध्ये एक आणि स्वयंपाकघरात एक अशा दोन जोड्या एकाच ॲम्प्लिफायरवर एकदम चालवायच्या असतील तेव्हाही हेच. समांतर जोडलेले दोन ८ ओहम मिळून ४ ओहम होतात.

आणखी एक. स्पीकर फक्त जास्त वॉटनं उडतो, असं समजतात. प्रत्यक्षात लहान ॲम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळला की त्याचा आवाज फाटतो, आणि त्या फाटक्या आवाजात ट्विटरचा बळी जातो. आवाज फाटायला लागला की बटण मागं फिरवणं हाच उपाय.

पेटीत काय दडलंय

दुकानात जाळी काढून दाखवायला सांगा. मोठा पडदा वूफरचा, लहान ट्विटरचा. आत त्यांना आपापला वाटा देणारा क्रॉसओव्हर असतो. पेटीच्या बाजूला बोटाच्या पेरानं टकटक करा. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला तर गाणं वाजताना ती पेटीही गाणार. भरीव, मेलेला ‘ठक्’ यायला हवा. एका हातानं उचलून वजनही बघा. जाड एमडीएफची पेटी आणि मोठं चुंबक असेल तर वजन हाताला लागतंच.

पेटीला भोक असेल तर त्याला पोर्ट म्हणतात. त्यानं लहान पेटीतून जास्त बास निघतो. पण पोर्ट मागच्या बाजूला असेल आणि तुम्ही स्पीकर भिंतीला टेकवून ठेवणार असाल तर तोच बास फुगतो. जागा कमी असेल तर बंद पेटीचा किंवा पुढं पोर्ट असलेला स्पीकर बघावा. मागं पोर्ट असलेला आधीच घेतला असेल तर जुना पायमोजा गुंडाळून पोर्टमध्ये घातला की घुमार बराच उतरतो. कंपन्याही याच कामासाठी स्पंजचे बोळे देतात.

आपल्याकडच्या हवेचा विचार मात्र माहितीपत्रकात नसतो. वूफरच्या कोनाभोवती जी मऊ कड असते ती स्पंजची किंवा रबराची असते. स्पंजची कड दमट हवेत आणि उन्हाळ्याच्या तापात काही वर्षांनी चिकट होते, मग तुकडे पडतात. गोव्यात, खानापूरच्या पट्ट्यात, कोकणाच्या बाजूला पावसाळा चार महिने मुक्कामाला असतो. तिथं रबराची कड आणि बुरशी न धरणारा, प्लॅस्टिकचा किंवा वरून लेप दिलेला कोन बघावा. एमडीएफच्या कडा उघड्या असतील तर ओल शोषून फुगतात, म्हणून खालची आणि मागची बाजूही नीट बंद केलेली आहे ना ते बघा. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादकडं ओल कमी, पण खिडकीतून येणारं ऊन कडक. तिथं स्पीकर थेट उन्हात येणार नाही अशी जागा ठरवावी.

दुकानात ऐकायचं कसं

दुकानदार स्वतःचं गाणं लावतो. ते त्याच्या स्पीकरवर छान वाजणारंच असतं. तुम्ही तुमची चार गाणी फोनमध्ये घेऊन जा, तीसुद्धा वर्षानुवर्षं ऐकलेली. एक पुरुष गायकाचा विलंबित ख्याल, एक बाईंचं नाट्यगीत किंवा भावगीत, एक टाळ-मृदंगाचं भजन आणि एक नेहमीचं सिनेगीत.

ख्यालात सुरुवातीचा नुसता तानपुरा ऐका. चारही तारा सुट्या कळतात की सगळं मिळून एक गुणगुण होते? बाईंच्या आवाजात ‘स’, ‘श’, ‘च’ टोचतात का? भजनात टाळांची किणकिण मोकळी वाटते की पत्रा वाजवल्यासारखी? मृदंगाची डावी-उजवी बाजू वेगळी कळते का? सिनेगीतात शब्द वाक्यागणिक समजतात का? गाण्याचा मोनो तुकडा लावला तर आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधून यायला हवा. एका बाजूला सरकत असेल तर ती जोडी नीट जुळलेली नाही, किंवा दुकानात नीट मांडलेली नाही.

दोन स्पीकरांची तुलना करताना आवाज सारखा ठेवणं सगळ्यांत महत्त्वाचं. जो किंचितही मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. फोनवर आवाज मोजायचं मोफत ॲप मिळतं. त्याचा आकडा अगदी अचूक नसेल, पण एकाच फोनवर, एकाच जागी दोन्ही सारखे करायला ते पुरतं. बास-ट्रेबलची बटणं मधोमध ठेवायला सांगा.

घाई करू नका. पहिल्या दोन मिनिटांत भपका कळतो, पंधरा-वीस मिनिटांनी खरं काय ते कळतं. वीस मिनिटांनी ‘अजून एक लावा’ असं वाटलं तर तो स्पीकर तुमचा. कान शिणले, आवाज कमी करावासा वाटला तर तो कितीही चमकदार असो, सोडून द्यावा. घरातल्या ज्येष्ठांना बरोबर न्या. गाणं त्यांनी जास्त ऐकलेलं असतं, आणि जाहिरात त्यांनी कमी वाचलेली असते.

पैसे कुठं घालायचे

समजा सगळं नवं घ्यायचंय आणि हातात ४० हजार आहेत. मग निम्म्याहून थोडे अधिक, २२ ते २५ हजार स्पीकरवर, १२-१३ हजार ॲम्प्लिफायरवर आणि उरलेले स्टँड, वायर, पडदे-सतरंजीवर अशी वाटणी बरी पडते. रक्कम कमी-जास्त असली तरी प्रमाण हेच धरावं. फोन तीन-चार वर्षांत बदलतो, पण चांगली जोडी सांभाळली तर १५-२० वर्षं सहज जाते. २४ हजारांची जोडी १५ वर्षं चालली तर वर्षाला १६०० रुपये पडले, महिन्याला सव्वाशे-दीडशे.

वायरवर मात्र उधळपट्टी नको. काचेच्या कपाटातली हजारो रुपयांची केबल घ्यायची गरज नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी शुद्ध तांब्याची, बारीक तारांची, दीड चौरस मिलिमीटरची दोनपदरी वायर चार-पाच मीटरसाठी उत्तम चालते. अंतर जास्त असेल तर अडीचची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तेवढी टाळा.

कर वाचवायला दुसऱ्या राज्यात जाऊन खरेदी करायचे दिवस गेले. जुलै २०१७ पासून जीएसटीचा दर देशभर एकच आहे. त्यामुळे बेळगावात घ्या, कोल्हापुरात घ्या की पणजीत, करात फरक नाही. फरक पडतो तो दुरुस्तीला. कंपनीचं सर्व्हिस सेंटर आपल्या गावात आहे की स्पीकर बांधून हुबळीला किंवा पुण्याला पाठवायचा, जाण्या-येण्याचा खर्च कोण देणार, हे आधी विचारावं. ‘बिल नको, कमी करून देतो’ म्हणणाऱ्याकडून वाचलेले पैसे पहिल्याच बिघाडात जातात. जीएसटी क्रमांक, मॉडेल आणि दोन्ही स्पीकरचा सिरीयल नंबर असलेलं बिल घ्यावं आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्यावा. ऑनलाइन घेतल्यास परत करायची मुदत संपेपर्यंत खोका आणि थर्माकोल टाकू नये. तक्रार राहिलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक सगळ्या राज्यांतून लागतो.

जुने स्पीकर टाकायच्या आधी ते दुरुस्त होतात का हेही बघा. नुसती कड गेली असेल आणि कोन, कॉइल शाबूत असेल तर कड बदलून पेटी परत गाऊ लागते. मंडळांचे आणि मंडपवाल्यांचे लाऊडस्पीकर दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना हे काम येतं. मात्र दोन्ही बाजूंच्या कडा एकदम बदलाव्यात, नाहीतर डावा एक बोलतो आणि उजवा दुसरं.

घरी आल्यावर

निम्मे लोक इथं घसरतात. एक स्पीकर शोकेसमध्ये, दुसरा कपाटावर आणि बसायची जागा तिसरीकडं, अशी मांडणी केली की घातलेले पैसे वाया जातात.

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकर एकमेकांपासून सात फुटांवर असतील तर तुम्हीही दोघांपासून साधारण सात फुटांवर बसा. ट्विटर बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. स्टँड नसेल तर भक्कम बाकड्यावर किंवा कडप्प्याच्या फळीवर, खाली रबराचे तुकडे घालून ठेवा. मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढं आणि कोपऱ्यापासून दूर. कोपऱ्यात ठेवला की बास वाढतो, पण शब्द बुडतात. बसायची खुर्चीही भिंतीला टेकलेली नको, कारण भिंतीजवळ घुमार सगळ्यांत जास्त असतो. स्पीकर किंवा खुर्ची अर्धा-एक फूट हलवून बघत राहा. आठवडाभर हा खेळ करायला हरकत नाही, त्याला खर्च नाही.

वायर जोडताना लाल ते लाल, काळं ते काळं. दोन्ही बाजूंना नीट बघा. एका स्पीकरची वायर उलटी लागली तर काही जळत नाही, पण बास गायब होतो आणि गायकाचा आवाज समोरून न येता खोलीभर भरकटतो. नवा स्पीकर ‘पातळ’ वाजतोय अशी तक्रार घेऊन दुकानात जाण्याआधी हे तपासावं.

शेजाऱ्यांचं भानही हवं. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. बासचा आवाज भिंती ओलांडतो, म्हणून फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सबवूफर जमिनीवर थेट न ठेवता जाड रबरावर ठेवावा. तसं बघितलं तर नीट मांडलेला चांगला स्पीकर हळू आवाजातही पूर्ण गाणं ऐकवतो. निकृष्ट स्पीकरचा आवाज वाढवावा लागतो, कारण त्यात शब्द सापडत नाहीत.

दुकानात नेण्याची चिठ्ठी

- खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि बसायच्या जागेचं अंतर
- ॲम्प्लिफायर असेल तर त्याच्या मागच्या छापील माहितीचा फोटो
- विचारायचे आकडे: आरएमएस वॉट, सेन्सिटिव्हिटी, ओहम, अधिक-उणे ३ डेसिबलसह पल्ला
- बघायच्या गोष्टी: कड रबराची की स्पंजची, पोर्ट कुठं आहे, पेटीवरची टकटक, वजन
- फोनमध्ये आपली चार गाणी
- पक्कं बिल, दोन्ही सिरीयल नंबर, जवळचं सर्व्हिस सेंटर

एवढी चिठ्ठी खिशात असली की दुकानदारही ‘किती वॉटचा’ यावर न थांबता पुढचं बोलायला लागतो. चांगल्या दुकानदाराला असं गिऱ्हाईक आवडतं. आणि ज्याला तुमची चार गाणी वीस मिनिटं वाजवून दाखवायलाच नको असेल, त्याच्याकडून स्पीकर घ्यायची घाई कशाला? दुसरं दुकान बघावं.